दाराजवळची जागा

विमा कंपनीत दावे तपासायचं काम मी एकोणीस वर्षं करते आहे. कोणी फार गोड बोललं की माझे कान टवकारतात. त्यामुळे धाकट्या भावाने रविवारी स्टुडिओत बोलावून, "ताई, तू फक्त दाराजवळ उभी राहा, बाकी काही करायचं नाही," असं लाडीगोडीने सांगितलं, तेव्हाच मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

धाकटा चित्रकार आहे आणि त्याला बरोक पद्धतीचं वेड आहे, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या त्या अंधाऱ्या चित्रांचं. आधी अख्खा कॅनव्हास काळपट तपकिरी करायचा, मग एकाच बाजूने आलेल्या उजेडात जेवढं दिसेल तेवढंच त्या काळोखातून वर काढायचं. माणसं आपल्यातली, कपडे आजचे. उशाशी औषधांची पाकिटं, प्लास्टिकची खुर्ची, सगळं आहे तसं. आणि प्रसंग निवडायचा तो ऐन क्षणाचा, आधीचा नाही की नंतरचा नाही. या खेपेला त्याने निवडलेला क्षण होता आमचे बाबा गेले तो.

बाबा गेले त्या दुपारी धाकटा परगावी होता. दादा आणि वहिनी औषधं आणायला गेले होते. घरात मी एकटी. "शेवटपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता," असं मी सगळ्यांना सांगितलं. धाकट्याने तेवढ्या एका वाक्यावर स्वतःला सावरलं. महिनाभर रोज फोन करून म्हणायचा, "बरं झालं ताई, तू होतीस."

मी नव्हते. मी जिन्यात उभी राहून ऑफिसातल्या साहेबांशी फोनवर भांडत होते. परत आत आले तेव्हा बाबांचा हात चादरीवरून खाली लोंबत होता. मी तो उचलून नीट ठेवला आणि मग दादाला फोन केला. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

स्टुडिओत खिडक्यांना पुठ्ठे लावले होते आणि डावीकडे एकच दिवा. बाबांच्या जागी खालच्या मजल्यावरचा सुतार खाटेवर पडला होता आणि पाच मिनिटांत घोरायलाही लागला होता. धाकट्याने त्याच्या टाचांच्या भेगासुद्धा हौसेने रंगवायला घेतल्या. दादा पायथ्याशी डोकं धरून बसला. आणि बाबांचा हात धरला होता वहिनीने.

"हात वहिनीने का धरायचा?" मी विचारलं.

"तिचा कुडता पिवळा आहे ना. उजेड तिथं सगळ्यात जास्त हवा."

"मग मी पिवळा घालून येते."

"अगं, तू उंच आहेस. दारातल्या तुझ्यावरून नजर तिरपी घसरत बाबांच्या हातावर आली पाहिजे. या पद्धतीत सरळ काही नसतंच."

ते मला दिसतच होतं.

त्या आठवड्यात मी वहिनीला गाठलं. भाजी निवडायला म्हणून बसले आणि आडून आडून विचारलं, "धाकट्याशी तुझं काही बोलणं झालं का? त्या दुपारबद्दल?"

"कसलं बोलणं?"

"काही नाही गं, सहज."

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी चार शेंगा न सोलताच भांड्यात टाकल्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण मग जिन्याबद्दल त्याला कोणी सांगितलं? समोर राहणाऱ्या शेजारीणबाईंनी? त्यांनी माझा आवाज नक्की ऐकला असणार.

तिसऱ्या रविवारी बाकीचे निघून गेल्यावर मी मुद्दाम मागे रेंगाळले. धाकटा ब्रश धुवायला वळला तशी मी कॅनव्हाससमोर गेले. सगळ्यांचे चेहरे उजेडाकडे होते. माझा अर्धा चेहरा काळोखात, आणि माझं एक पाऊल उंबऱ्याबाहेर.

माझं डोकंच फिरलं. "एवढं मनात होतं तर तोंडावर बोलायचं!" मी ओरडले. "तीन रविवार मला उभं करून मजा बघतोयस? हो, नव्हते मी तिथं! जिन्यात होते. बारा मिनिटं फोनवर भांडत होते, आणि ते तेवढ्यात गेले. एकटे गेले. हात वगैरे कोणी धरला नव्हता. झालं समाधान?"

त्याच्या हातातल्या ब्रशमधून रंग काढायचं टर्पेंटाइन फरशीवर ठिबकत राहिलं.

"मला हे माहीत नव्हतं, ताई," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस. ते पाऊल बाहेर का?"

"तू आत येतेयस म्हणून. त्या दुपारी मी नव्हतो, म्हणून मीच धावत येतोय असं आधी काढणार होतो, पण तुझी उंची बरी पडली."

दावा खोटा असला की आम्ही काही विचारत नाही, गप्प बसतो. माणूस आपणहून बोलायला लागतो. इथे तर समोरच्याला शंकासुद्धा नव्हती. मीच फाईल उघडून त्याच्यासमोर ठेवली होती. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडून शेवटी मी स्वतःचीच पकडून दिली. मला रडू यायला लागलं. त्याने जवळ यावं असं फार वाटलं, पण तो आला नाही.

त्याने टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलं आणि तो चित्रातल्या दाराजवळच्या बाईकडे गेला. रंग अजून ओला होता. एका फटक्यासरशी मी चित्रातून निघून गेले असते.

"पुसू नकोस," मी म्हणाले.

तो थांबला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"मग नीट सांग," तो म्हणाला. "फोन कोणत्या हातात होता?"

"उजव्या."