गोड्या पाण्यातली झडप

मी झडप बोलतेय. दाराची नव्हे, पंपाच्या नळाची. मुंबईच्या एका कारखान्यात माझं बिडाचं अंग ओतलं, आत चामड्याची चकती बसवली, खाली जाळी लावली. पंप चालू झाला की उघडायचं, थांबला की घट्ट मिटून नळातलं पाणी धरून ठेवायचं. मी पाणी सोडलं, तर पंप नुसताच घरघरतो, वर थेंब येत नाही.

१९५३ साली किहीमच्या अण्णांनी डिझेल इंजिनाबरोबर मला आणलं. समुद्राला लागून त्यांची नारळ-पोफळीची वाडी होती. तोवर गडी अंबाजी बैल जुंपून रहाट चालवायचा. दुपारी बैल दमला की विहिरीलाही विसावा मिळायचा.

"इंजिन दमत नाही हो, अंबाजी," अण्णा हौसेने म्हणाले. अंबाजीनेच मला विहिरीच्या तळाशी सोडलं.

पहिली दोन वर्षं सुखाची गेली. गार, गोड पाणी दिवसभर माझ्यातून वर जाई. अण्णांनी पोफळीची आणखी तीनशे रोपं लावली. त्या हिरवळीत माझाही वाटा आहे, असं मला वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात जाळीला निराळंच पाणी लागलं. तळाशी जड, मचूळ; वरचं अजून गोडच होतं. उपसा इतका झाला होता, की खालून समुद्र आत शिरत होता. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. पण सांगणार कुणाला?

त्याच आठवड्यात मनुबाई विहिरीवर आली. वाडीच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे तिचं झोपडं.

"अण्णा, आमच्या इहिरीचं पानी खारं झालं. घरात सून बाळंतीण हाय. तुमचं मशीन थोडं दिस बंद ठेवा."

"आमच्या विहिरीचं ने ना, हवं तेवढं," अण्णा मायेने म्हणाले. इंजिन मात्र चालूच राहिलं. नाहीतर रोपं वाळली असती.

दोन उन्हाळे मनुबाई हंडे वाहत राहिली. मग अण्णांच्याच घरात डाळ शिजेना. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि कठड्यावर तसेच बसून राहिले. इंजिन थांबलं, पण फार उशिरा. पावसात विहीर भरली, फाल्गुनात पुन्हा खारट. पोफळींचे शेंडे करपले.

मनुबाई निरोप घ्यायला आली. सुनेला, नातवाला घेऊन ती म्हसळ्याला भावाकडे निघाली होती.

"थांब, मनुबाई. मी लांबून पाणी आणून देईन तुला."

"पानी आनाल अण्णा. इहीर कुठनं आनाल?"

अण्णांनी अंबाजीला हाक मारली.

अंबाजीने मला वर काढलं. चामडं कडक झालं होतं. पाच वर्षं मी गोठ्यात पडून राहिले.

गेल्या महिन्यात काशीदचा बाळाजी मला मागायला आला. त्याने नवीन पंप घेतलाय. अण्णांनी विहिरीचं पाणी तांब्यात काढून त्याच्यापुढे धरलं. तो एक घोट घेऊन थुंकला.

"नको नेऊस," अण्णा म्हणाले. दोनदा म्हणाले.

"आमची विहीर खोल आहे, अण्णा," असं म्हणून त्याने मला पिशवीत टाकलं.

आता माझं चामडं नवं आहे. उद्या मला काशीदच्या विहिरीत सोडतील. इथेही समुद्राच्या अंगाला एक झोपडी आहे, दाराशी हंडे पालथे घातलेले. बाळाजी, इंजिन सुरू करण्याआधी तिथल्या बाईला रोज विचारत जा, पाणी कसं लागतंय. आणि ती सांगेल ते ऐक रे बाबा.