बाहेरच्या खोलीतली गादी

नवऱ्याने गादी बाहेरच्या खोलीत टाकली, तेव्हा सुरुवातीला मी गप्प बसले. मी आणि गप्प, म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय हे शेजाऱ्यांनाही कळलं असेल. पाठ धरलीय म्हणाला. मग म्हणाला, आत उकडतं. दोन खोल्यांचं आमचं घर, त्यात हवामान असं किती वेगळं असणार?

मला एचआयव्ही आहे. पहिल्या नवऱ्याने जाताना मागे ठेवलेली तेवढीच ठेव. ह्या नवऱ्याला नाही. तो मोठ्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर असतो. तिथल्या फाटक्या चादरी नि उसवलेले गणवेश माझ्या दुकानात दुरुस्तीला यायचे. टाके मोठे पडलेत म्हणून हा भांडायला आला, आणि लग्नाआधीच आम्ही अरे-तुरेवर आलो. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा मी त्याला आधी डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही.

पुढे गोळ्या लागू पडल्या. विषाणू इतका कमी झाला की तपासणीत सापडेना. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गोळ्या न चुकता घ्या, रिपोर्ट असेच येऊ द्या, शरीरसंबंधातून नवऱ्याला लागण होणार नाही. त्यानंतरचे आमचे दिवस चांगले गेले. चांगले म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

आणि आता ही गादी बाहेर.

मग त्याचं ताट वेगळं झालं. कपही वेगळा, आणि तो स्वतः घासून वर फळीवर ठेवायला लागला. लग्न झाल्यापासून कधी चमचा विसळला नव्हता ह्या माणसाने! एका सकाळी मी मुद्दाम त्याचा अर्धा राहिलेला चहा उचलला. नेहमी उचलायचे तसाच. त्याने कप माझ्या हातातून हिसकावून घेतला. चहा माझ्या हातावर सांडला, चटका बसला. तो ‘लागलं का’ म्हणत पुढे आला आणि मध्येच थांबला. तोंड फिरवून उभा राहिला.

म्हणजे माझे ओठ ह्याच्या कपाला लागलेले चालत नाहीत. एवढी वर्षं ओठांना लागले ते चालले, आता कप बाटला!

मी बॅग काढली. हाताला लागतील ते कपडे कोंबले.

“भीती वाटते ना तुला? मग तोंडाने सांग. मी ताईकडे जाते, तू झोप ऐसपैस.”

“वाटते भीती,” तो म्हणाला.

इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि बॅग खाली ठेवली. मी पलंगावर बसले.

“तुझी नाही,” तो दारातूनच म्हणाला. “माझ्या शेजारी इस्त्री करतो ना, त्याला टीबी निघालाय. दिवसभर खोकायचा. आता मलाही खोकला आहे. कामावर खोकून घेतो, इथे दाबून धरतो.”

“मग तपासलंस?”

“नाही.”

“का?”

“निघाला तर तुला सांगावं लागलं असतं. घाबरली असतीस.” मग म्हणाला, “तुझ्याकडून मला काही होणार नाही, हे डॉक्टर दहादा सांगतात. माझ्याकडून तुला काय होईल, ते कुणी सांगितलंच नाही. टीबी तुमच्यासारख्यांना लवकर धरतो म्हणे.”

आधी मला हसू आलं. मग रडू. मग मी बॅग त्याच्या अंगावर फेकली, आणि दोघंही तडक दवाखान्यात गेलो.

तिथल्या सिस्टरने त्याची चांगली हजेरी घेतली. “कप घासून टीबी अडतो होय? तो हवेतून पसरतो. घर एक, हवा एक. पहिल्याच दिवशी दोघांनी यायला हवं होतं.” त्याची थुंकी घेतली, दोघांचे एक्स-रे काढले. निघालाच तर औषधाने बरा होतो, म्हणाली. पण रिपोर्ट येईपर्यंत तो मास्क लावून बसणार होता.

बाकड्यांच्या रांगेत तो टोकाला बसला आणि शेजारची जागा रिकामी ठेवून मला ‘तिकडे बस’ म्हणत पलीकडची जागा दाखवली. माझं डोकं पुन्हा सणकलं.

“मला विचारलंस तरी का? माझं अंग, माझा जीव, आणि ठरवणार तू? इतके दिवस मी काय काय सोसलं, तुला कल्पना आहे?”

“आहे,” मास्कमधून त्याचा आवाज बारीक आला. “लग्नानंतर रिपोर्ट चांगला येईपर्यंत तू मला असंच लांब ठेवलंस. डॉक्टर म्हणत होते काळजी घेऊन चालेल, तरी हात लावू दिला नाहीस. मी बाहेरच्या खोलीत रात्रभर जागा असायचो. तू कुठे विचारलं होतंस?”

त्याला खोकला आला. ह्या वेळी त्याने दाबला नाही, मान तिकडे वळवून पोटभर खोकला, आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. मधली जागा रिकामीच होती. मी सरकले नाही. त्याने सांगितलं होतं, म्हणून.