बिनतारांची गिटार

मी एक गिटार बोलतेय. लगेच 'वाजवून दाखव' म्हणू नका. त्या एका वाक्याने माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंय. आधी ऐकून घ्या, मग हसायचं तर खुशाल हसा.

दिसायला मी देखणी आहे. हे मी नाही, अख्खं अंथुर्णे गाव म्हणतं. काळंभोर चकचकीत अंग, पांढरी किनार, मानेवर लाल, हिरवं, निळं अशी तीन बटणं. पोटावर एक छोटी दांडी, वर-खाली हलणारी. मागे लांबलचक वायर. तार मात्र एकही नाही. कुणी बसवायची विसरलं असं नव्हे, मला तिची गरजच नव्हती. जपानच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला तो व्हिडिओ गेमसाठी. टीव्हीवर गाणं सुरू व्हायचं, पडद्यावर रंगीत ठिपके सरकायचे आणि ज्या रंगाचा ठिपका, त्या रंगाचं बटण दाबून दांडी हलवायची. हात बरोबर पडला की सूर टीव्हीतून निघणार. मी फक्त हाताचा निरोप वायरीतून पोचवायचा. आवाज काढणं हे माझं काम कधीच नव्हतं.

पण ज्या मशीनसाठी मी जन्मले ते कुठे राहिलं कुणास ठाऊक. बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणीतरी मला इकडे आणलं आणि या हातातून त्या हातात जात नव्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुमारास मी बारामतीतल्या एका कॅसेटच्या दुकानात खिळ्याला लटकले. मी काय चीज आहे याचा दुकानदाराला पत्ता नव्हता. रोज धूळ मात्र पुसायचा.

तिथे एक दिवस साहेबराव आले. अंथुर्ण्याच्या गायन पार्टीचे ते मुख्य गायक. जयंती असो, विहाराचं उद्घाटन असो, पंचक्रोशीत भीमगीतं ऐकायची तर त्यांच्याच तोंडून. बावड्याच्या नव्या विहारात बुद्धमूर्ती बसायची होती. तिथल्या कमिटीच्या सर्जेरावांनी पार्टीला आमंत्रण दिलं आणि जाता जाता टोमणाही मारला, "साहेबराव, सगळ्या पार्ट्यांत आता गिटार असतंय. तुमी अजून बँजोवरच हाय व्हय?" तो टोमणा साहेबरावांना चांगलाच झोंबला होता.

सोबत त्यांचा भाचा सुमित होता आणि मुलगी करुणा. मला पाहताच सुमितने खाली उतरवून गळ्यात अडकवलं आणि दुकानातल्या आरशापुढे जाऊन उभा राहिला.

"हिला तारा कुठं हायत?" करुणाने विचारलं. अख्ख्या बारामतीत हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच.

"लाईटवरची गिटार हाय, ताई. तिला तारा लागत न्हाईत," दुकानदार बेधडक म्हणाला.

"आबा, एकदा वाजवून तर बघा," करुणा म्हणाली.

"हितं अ‍ॅम्प्लिफायर कुठं हाय?" साहेबराव म्हणाले. त्यांची नजर आरशातल्या सुमितवरून हलत नव्हती. "द्या बांधून."

अशी माझी खरेदी झाली. एस.टी.त सुमितने मला मांडीवर घेतलं होतं. सगळी एस.टी. वळून वळून बघत होती आणि मला वाटलं, आपले दिवस फिरले.

घरी आले तर तिथे तो होता. बँजो. एक जुनी, कडा झिजलेली लाकडी पेटी. वर टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. करुणा त्याला आईच्या, केसरबाईंच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायची. काढताना अशी काढायची की जणू तान्हं बाळच. बटणं त्यालाही होती, मलाही होती. माझी रंगीत, त्याची पिवळट पडलेली. पण त्याच्या बटणाखाली तार होती. करुणाने ते दाबून तार छेडली की घरातली माणसं हातातलं काम थांबवायची. माझी बटणं दाबली की टक् व्हायचं. माझा जळफळाट तेव्हा सुरू झाला, तो आजतागायत.

दुसऱ्याच दिवशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. माझ्या वायरीचं टोक कुठेच बसेना. त्याने सरळ ते छाटलं, नवी पिन जोडली आणि ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खुपसली. घुंऽऽ असा आवाज झाला. सुमितने दांडी हलवली, बटणं बदडली. घुंऽऽ. साहेबरावांचा चेहरा उतरला. मला परत द्यायला नेलं, तर दुकानदार म्हणाला, वायर कापलेली वस्तू परत घेणार नाही. कापली तेव्हा मला कुणी विचारलं होतं?

आता सांगते ते नीट ऐका, कारण खरा घोटाळा इथेच झाला. पार्टीतला जुना बँजोवाला सोलापूरला नोकरीला गेल्यापासून बँजो करुणाच वाजवायची, पण फक्त गावात. बावड्याला ती पहिल्यांदाच बाहेरगावी जाणार होती. साहेबरावांनी शब्द दिला होता, "तू माझ्या शेजारी, माईकपाशी बसायचं." तिने त्यासाठी पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती. सुरांचा रियाज तर सकाळ-संध्याकाळ चालायचा. मी कोपऱ्यातून ऐकायचे आणि कुढायचे.

सुमितने डोकं लढवलं. "मामा, मी गिटार घिऊन पुढं हुभा ऱ्हातो. करुणा मागं पडद्याआड बसून बँजो वाजवंल. लोकांना काय कळतंय?"

"आन् माझी जागा?" करुणा म्हणाली.

साहेबराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "येवढा एक कार्यक्रम. फुडच्या बारीला बस की फुडं."

केसरबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीला शब्द दिलाय तुमी."

करुणाने माझ्याकडे पाहिलं. तो डोळ्यांतला रंग मी लगेच ओळखला, माझ्यात तोच होता. ती माझ्यावर जळत होती आणि मी तिच्या बँजोवर. सकाळी झाडताना तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. माझा कुणालातरी हेवा वाटतो, हे सुख मला नवीनच होतं.

बावड्याला दुपारी कार्यक्रम. विहारापुढे मांडव, पंचशीलाचे झेंडे, बायका-माणसांची दाटी. मूर्ती बसली, वंदना झाली आणि पार्टी उभी राहिली. सुमित डोळ्यांवर काळा चष्मा लावून मला घेऊन अगदी पुढे. पडद्याआडून बँजो असा काही झरझर वाजायला लागला की मांडवात टाळ्यांचा कडकडाट. लोक माझ्याकडे बोट दाखवत होते. पोरं स्टेजला चिकटली होती. सुमितची बोटं माझ्या बटणांवर उगाच नाचत होती.

आणि मला काय वाटत होतं? मला तो बँजो फोडावासा वाटत होता. टाळ्या माझ्या, हार माझ्या मानेत, पण सूर त्याचा. इतक्या माणसांत एकालाही ते माहीत नव्हतं, फक्त मला होतं, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

तेवढ्यात सर्जेराव उठले. खूश होते. माईक हातात घेऊन म्हणाले, "आता गाणं नगं, ढोलकी नगं. नुसत्या गिटारीवर एक चाल हू द्या." आणि कौतुकाने माईक थेट माझ्या पोटाशी धरला.

सुमितने ऐटीत मान हलवली, दांडी हलवली.

मागून काहीच आलं नाही.

सुमितने पुन्हा हलवली. टक्. टक् टक्. लाऊडस्पीकरमधून अख्ख्या बावड्याने माझा आवाज ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा माझा स्वतःचा आवाज, आणि तो असला. आधी पोरं हसली, मग बायका, मग सगळा मांडव.

साहेबराव मागे वळले. पडद्याच्या फटीतून करुणा दिसत होती. बँजो पुढ्यात, दोन्ही हात मांडीवर. ती रडत नव्हती. बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून नुसती बसली होती. वाजवलं असतं तर लाज राखली गेली असती. तिने वाजवलं नाही.

मला वाटलं आता ते तिच्यावर ओरडणार. त्यांनी सर्जेरावांच्या हातून माईक घेतला.

"मंडळी, ही गिटार वाजत न्हाय. मगापास्नं वाजवती ती माझी पोरगी, करुणा. तिला फुडं बसवायचा सबूद दिला हुता, आन् म्याच तिला मागं बसवली."

बायकांतून केसरबाईंचा आवाज आला, "मग आता तरी आणा की फुडं!"

साहेबरावांनी स्वतः बँजो उचलून आणला. माईकपाशी जागा एकच, तिथे मी होते. करुणाने सुमितच्या गळ्यातून मला काढलं, मागे नेलं आणि पडद्याआड ती बसली होती त्याच सतरंजीवर ठेवलं. ठेवलं हळूच, हे कबूल करते. मग ती पुढे गेली.

तिथून मला जे दिसलं तेच ती इतका वेळ पाहत होती. पुढच्यांच्या पाठी, आणि त्या पाठींपलीकडे टाळ्या. करुणा वाजवायला लागली तेव्हा शेकडो डोळे तिच्यावर होते. माझ्याकडे एकही नाही. मी आतल्या आत करपले.

आता मी त्याच घरात भिंतीवर आहे. करुणा पार्टीबरोबर गावोगाव जाते, अगदी इंदापूरपर्यंत तिचं नाव झालंय. सुमितला अजून मधूनच मला गळ्यात घालावंसं वाटतं, पण मामांसमोर धीर होत नाही. पाव्हण्यांची पोरं येतात, मला हात लावतात. करुणा हसून सांगते, "वाजत न्हाय ती. खोटी हाय."

हे खोटी म्हणणं मात्र सहन होत नाही. तुमच्यापैकी कुणी अंथुर्ण्याला गेलात तर तिला एवढंच सांगा, की ही खोटी नाही, बिघडलेलीही नाही, हिला घडवलं होतं दुसऱ्याच कामासाठी आणि ते काम हिला कधी मिळालंच नाही. तिला ते कळेल. जागा न मिळणं काय असतं, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

आणि सांगाल तेव्हा बँजोच्या देखत सांगा.