चुलीतला चमचा

यानेतच्या गालावरची जखम काही केल्या भरत नव्हती. कडा उचललेल्या, मधे खड्डा. पोर कधी दुखतंय म्हणाली नाही, याचीच तिच्या आईला, निल्दाला, जास्त धास्ती! वेणी घालताना रोज तिची नजर त्या गालावरच खिळायची.

त्या सकाळी सासूबाईंनी, सेबेरिनाबाईंनी, चुलीत चमचा खुपसला. युंगासच्या डोंगरात असली जखम डागायचीच रीत होती.

"धर पोरीला घट्ट. एक चटका, की सुकतंय."

"आई, आरोग्य केंद्रात नेते ना. इंजेक्शनं देतात तिथं."

"रोज डोंगर उतरणार? मग मळ्यातली कोकाची पानं कोण खुडणार, तुझं कॉलेजातलं शिक्षण?"

 निल्दानं लेकीला मांडीत ओढलं.

कोपऱ्यात फोर्तुनातोमामा केळं कुस्करून फडक्याखालून खात होते. सेबेरिनाबाईंचे थोरले भाऊ. नाकातोंडावर ते फडकं कायम. लागण होईल म्हणून त्यांचं ताट वेगळं, बाकही वेगळा.

"सेबेरिना," ते फुटक्या आवाजात म्हणाले, "माझा पाय कुणी धरला होता गं?"

"कधीचं काय काढतोस, दादा! मीच धरला होता. बाबांनी डागलं, अन् सुकलीच की जखम!"

"वरून सुकली." मामांनी फडकं सोडलं.

नाकाच्या जागी भोक होतं. वरचा ओठ कुरतडल्यासारखा.

"तोच रोग हा! माशी चावते, जंतू आत शिरतो. आग कातडीला लागते, जंतूला नाही. माझ्या पायातला कित्येक वर्षांनी इथं नाकात येऊन बसला. अन् तो ताटातून पसरत नाही! डॉक्टरनं सांगितलं होतं. मी लाजेनं बोललो नाही."

सेबेरिनाबाईंच्या हातून चमचा राखेत पडला. "दादा, मी तुला धरलं नसतं तर..."

"तरी औषधाविना जंतू अंगात राहिलाच असता. पोरीला औषध आहे. ऊठ!"

सुया फार दुखायच्या. केंद्राचं छप्पर दिसलं की यानेत रडायची. तिला पाठीशी बांधून रोज सेबेरिनाबाईच न्यायच्या. निल्दा पानं खुडायची. जखम भरली, व्रण राहिला. मामांचा रोग मात्र घशापर्यंत उतरला होता; त्याच वर्षी ते खोकत खोकत गेले. पण शेवटपर्यंत त्यांचं ताट सगळ्यांच्या पंगतीत होतं.

बायांनो, बापांनो, जखम सुकली म्हणजे रोग गेला असं समजू नका. आणि रोग्याला फडक्याआड ढकलू नका! आपलं लेकरू कशानं वाचेल, हे कदाचित त्या रोग्यालाच ठाऊक असतं.