काचेच्या टाकीतले मोठेसाहेब

"मोठेसाहेब गेले," कारखान्यातल्या ऑपरेटरने फोनवर सांगितलं आणि लगेच विचारलं, "दुकान उघडलं असेल का एवढ्यात?"

मोठेसाहेब हा मासा होता. कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करून बाहेर सोडत, आणि सोडण्याआधी त्यातलं थोडं पाणी फाटकाजवळच्या काचेच्या टाकीतून फिरवत. टाकीत एक केशरी मासा. मासा जिवंत म्हणजे पाणी शुद्ध, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. तपासनीस आले की आकड्यांच्या तक्त्याकडे ओझरतं बघत आणि माशाकडे निरखून.

नाव मात्र पर्यावरण अधिकाऱ्यांच्या मुलीने ठेवलेलं. कारखान्याच्या वार्षिक समारंभाला ती दरवर्षी यायची. लहानपणी पहिल्यांदा आली तेव्हा टाकीसमोर बराच वेळ उभी राहून म्हणाली, हा सारखं तोंड उघडतो पण बोलत काहीच नाही, हा मोठेसाहेब असणार. खरे मोठेसाहेब, म्हणजे कारखान्याचे मालक, शेजारीच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण ते काही बोलले नाहीत.

पर्यावरण अधिकाऱ्यांना कारखान्यात सगळे हिरवेसाहेब म्हणत. फोन ठेवून ते चपला शोधू लागले. आज मोठेसाहेबांनी जायला नको होतं. आज मुलगी दुपारी कारखाना बघायला येणार होती. प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस आणि तिने विषय पक्का केला होता, पर्यावरणशास्त्र. बायकोने बजावलं होतं, "अहो, काय असतं ते तुम्हीच दाखवा तिला. मी सांगितलं तर मी वाईट." हिरवेसाहेबांची ना नव्हती. काय असतं ते त्यांनाही एकदा बघायचं होतं.

त्यांनी स्वतः हा विषय घेतला तेव्हा मामा म्हणाले होते, बरं झालं, बागेला घरचा माणूस मिळाला. आत्या घरातल्या प्रत्येक लग्नाआधी फोन करून पाऊस पडेल का विचारायची. वडील चारचौघांत "सायन्स करतोय" म्हणून मोकळे होत. मग वर्ग पांगला. एक जण विमा विकतो; पूर येणाऱ्या भागात विकत नाही, एवढाच शिक्षणाचा उपयोग. पहिली आलेली मुलगी परदेशात प्लास्टिकचे डबे बनवते. एक जण तपासनीस झाला, तोच येऊन माशाकडे निरखून बघतो. दाराच्या पाटीवर 'पर्यावरण' हा शब्द असलेले हिरवेसाहेब एकटेच. त्यामुळे विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'नोकरीच्या संधी' या पानावर त्यांचा फोटो असतो. मागे टाकी, टाकीत मासा.

दुकानदाराने त्यांना बघताच पिशवीत पाणी भरायला घेतलं. शेपटीजवळ पांढरा ठिपका असलेला द्या, असं हिरवेसाहेबांनी दोनदा सांगितलं.

"साहेब, एवढे मासे नेता, टाकी केवढी आहे हो तुमची?"

"लहानच आहे," हिरवेसाहेब म्हणाले.

मासे का मरतात हे त्यांना कधी कळलं नव्हतं. हौदात हवा फुंकणारा ब्लोअर बंद पडून प्लांटच्या पाण्याला दुर्गंधी सुटली होती तेव्हा मासा मजेत फिरत होता. आणि सगळे आकडे चोख आले, की दुसऱ्या दिवशी सकाळी हटकून उलटा तरंगत असे. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी मालकांना विचारलं होतं, मेलेला मासा तपासायला पाठवू का. मालकांनी शांतपणे विचारलं होतं, "कुठला मेलेला मासा?" तेव्हापासून कारखान्यात अधिकृतपणे एकही मासा मेला नव्हता. जे मरत ते हिरवेसाहेब जेवणाच्या सुट्टीत कुंपणालगतच्या फुलझाडांखाली पुरत. या फुलझाडांमुळे कारखान्याला हरित परिसराचं बक्षीस मिळालं होतं.

आजचा मात्र पुरायचा राहिला. कागदात गुंडाळून त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला, नवा टाकीत सोडला, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून उठले तेवढ्यात मुलगी आली.

तिला घाबरवायचं असं ठरवून त्यांनी सुरुवात केली. वास दाखवला, गाळ दाखवला, सणासुदीलाही इथं यावं लागतं हे सांगितलं, पगार तर दोन पायऱ्या खाली उतरवून सांगितला. पण मोठ्या हौदापाशी आल्यावर, डोळ्यांना न दिसणारे जीव रंग कसे खातात हे सांगता सांगता त्यांचा आवाज चढला, हात हवेत फिरू लागले, आणि निळं पाणी आत येतं नि फिकट होऊन बाहेर पडतं ते दाखवायला ते तिला कठड्यावरून वाकवू लागले. ऑपरेटर खोकला तेव्हा ते भानावर आले. आपण मुलीला परत पाठवायला आणलंय की इथेच ठेवून घ्यायला, हे त्यांना क्षणभर आठवेना.

परत जाताना ती टाकीपाशी थांबली.

"नवीन आहे ना हा?"

"कोण?"

"ह्याचा ठिपका वर आहे. मागच्याचा खाली होता. त्याच्या आधीच्याला तर नव्हताच."

हिरवेसाहेबांनी टाकीकडे बघितलं. मासाही त्यांच्याकडे बघत होता.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"चौथीत असल्यापासून. मला वाटायचं, ऑपरेटरकाका बदलतात आणि तुलाच पत्ता नसतो. तू रोज जेवताना सांगायचास, मोठेसाहेब मजेत आहेत. म्हटलं, कशाला सांगा बाबाला. वाईट वाटेल."

हिरवेसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"का मरतात रे?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"कधी तपासलं नाहीस?"

"तपासायला मेलेला मासा लागतो. इथे मासे मरत नाहीत."

ती हसेल असं त्यांना वाटलं. ती हसली नाही. सकाळपासून घोळवलेलं वाक्य त्यांनी मग एकदाचं म्हणून टाकलं. "हे बघ, हा विषय घेऊ नकोस. इतकी वर्षं काढली मी ह्यात. एक मासा नाही कळला मला."

"आजचा कुठाय?"

"खणात."

"तुझा डबा रिकामा आहे ना? दे. रात्रभर बर्फात ठेवू. उद्या मी प्रवेशाला विद्यापीठात जाणारच आहे, तिकडे विभागात विचारते, कुणी कापून बघेल का."

ती उद्या तिकडे जाणार, हे त्यांनी ऐकलं. त्यावर आनंद व्हायला हवा की वाईट वाटायला हवं, ते मात्र लक्षात येईना. त्यांनी डबा धुतला, पुसला आणि तिच्यापुढे धरला.

कारखान्यातून जाताना प्रत्येकाचा डबा उघडून बघायची पद्धत होती. अधिकाऱ्यांचा बघत नसत. पण आज हिरवेसाहेब डबा पिशवीत न टाकता दोन्ही हातांत धरून चालले होते, त्यामुळे पहारेकऱ्याला विचारावंच लागलं. जेवण उरलंय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्याकडेच होतं.

"मेलेला मासा आहे," हिरवेसाहेब म्हणाले. "आपल्या टाकीतला. सकाळी मेला."

पहारेकऱ्याने झाकण उघडलं. आत बघितलं, मग टाकीकडे बघितलं, मग पुन्हा आत.

"मग तिथं कोण आहे, साहेब?"

"ते आज सकाळीच रुजू झालेत."

पहारेकऱ्याने बराच विचार केला. मग झाकण हलकेच लावलं, टोपी सरळ केली आणि माणसांसाठीचं छोटं दार सोडून मोठं फाटक उघडलं.

बसमध्ये खिडकीची जागा मुलीला मिळाली. वाटेत बायकोचा फोन वाजू लागला. काय ठरलं, हेच ती विचारणार होती. हिरवेसाहेबांनी तो वाजू दिला. वळण आलं होतं, आणि डबा कलंडू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात त्याला लागले होते.