कागदाएवढी फट

पक्केकाका हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते काकांनी स्वतःच्या मनगटाच्या जोरावर कमावलं होतं. पंपघरात तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि ‘सैल ते गळतं’ एवढा एकच धडा घेऊन ते निवृत्त झाले. बरणीचं झाकण त्यांनी लावलं की उघडायलाही त्यांनाच हाक मारावी लागे. नळ असा बंद करत की पाहुणे हाताला साबण लावून ताटकळत उभे राहत. खुर्ची कुरकुरली की पाना, दार कुरकुरलं की पाना. काकू कधी कुरकुरत नसत, म्हणून निभावलं.

काकूंची घरामागे रोपवाटिका होती. रोपं पोचवायला सव्वीस वर्षांची एक पिकअप होती, तीही काकूच चालवत. काका शेजारी बसून कुठे काय वाजतंय ते ऐकत. ही गाडी चार दिवसांपूर्वी, दोनशे रोपं पाठीवर असताना, चढाच्या मध्यावर धापा टाकून थांबली आणि काकूंना उलट्या पावली खाली घेऊन आली. सकाळी थंड असताना ठीक चाले. गरम झाली की अंगात त्राणच उरत नसे.

आज म्हणून गॅरेजवाला वस्ताद अंगणात आला होता. आणि बोलावणं नसताना काकूंचा धाकटा भाऊही.

“भावोजी, मी भंगारवाल्याला चारची वेळ दिलीय,” तो आल्या आल्या म्हणाला. “वस्तादने हात टेकले की लगेच उचलून नेईल. ताईने आता आराम करावा. लागली कधी गाडी, तर माझी आहेच की.”

भावाची गाडी सगळ्यांना ठाऊक होती. ती मागितली की नेमकी कुठेतरी गेलेली असे. ही पिकअप गेली म्हणजे रोपवाटिका गेली, हे काकूंना कुणी सांगायला नको होतं. वीस वर्षांचा व्याप. कुंड्या काय डोक्यावर वाहून नेणार? त्या गाडीत चढल्या आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या.

वस्तादने काकूंना गल्लीत चार चकरा मारायला लावून इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले आणि पहिल्या भोकात घड्याळासारखा दिसणारा, दाब मोजायचा गेज हाताने फिरवून बसवला.

“थांब, जरा आवळून देतो,” काका पुढे सरसावले.

“नको काका, हाताने घट्ट पुरे.”

“हाताने घट्ट म्हणजे सैलच की रे.”

“काकू, पाय पूर्ण दाबून ठेवा आणि मारा सेल्फ!”

इंजिन गुरगुरलं. काटा उठला आणि सत्तरवर येऊन थांबला. दीडशेच्या आसपास जायला हवा होता. दुसऱ्याचे पासष्ट, तिसऱ्याचे पुन्हा सत्तर, चौथ्याचे जेमतेम पंचावन्न.

“कॉम्प्रेशन नाही,” वस्ताद म्हणाला. “गाडीची छातीच फुगत नाही. काकू, एक जुना चमचा द्या.”

चमचाभर इंजिन ऑइल त्याने भोकात सोडलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असल्या तर तेल त्यांच्या फटी बुजवतं आणि काटा वर चढतो, असा हिशेब. पुन्हा सेल्फ मारला. काटा सासुरवाडीत रुसून बसलेल्या जावयासारखा सत्तरवरून हलेना.

“रिंगा ठणठणीत आहेत. म्हणजे वारं वरून निसटतंय, व्हॉल्व्हमधून. जळाले असणार. इंजिनचं हेड उतरवावं लागेल, आणि या गाडीचे व्हॉल्व्ह आता शोधून मिळत नाहीत.” त्याने हात पुसले. काकूंकडे मात्र बघितलं नाही.

“मी म्हणत होतोच!” भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण फार नव्हतं.

काकू खाली उतरल्या. “त्याची मर्जी,” त्या आभाळाकडे बघत हळूच म्हणाल्या. “गेल्या महिन्यात त्यानेच कृपा केली होती. मी थोरल्या बहिणीकडे आठ दिवस राहून आले, तर गाडीची ती जुनी टकटक आपोआप बंद झालेली. लोण्यासारखी चालायला लागली. दिलं त्यानेच, नेतोयही तोच.”

वस्तादचा पुसता हात थांबला. “टकटक बंद झाली? आपोआप?”

“हो.”

“काकू, ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची टकटक. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो. म्हणून त्याच्या डोक्यावर कागदाएवढी फट सोडायची असते. आवाज येतो तो त्या फटीचा. फटच ठेवली नाही, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. दार अर्धवट उघडं, मग वारं राहणार कसं? पण सगळे टॅपेट आपोआप गप्प झालेले मी जन्मात पाहिले नाहीत.” तो बोनेटखाली वाकला. “यांना कुणी हात लावला होता का?”

काका एका कुंडीकडे बघू लागले. कुंडी रिकामी होती.

“आमच्या गाडीला कोण हात लावणार?” काकू म्हणाल्या. “यांच्या डोळ्यांखालून मुंगी जात नाही.”

“मग जळालेच म्हणायचे,” वस्ताद म्हणाला.

काकू बहिणीकडे गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी इंजिनचं वरचं कव्हर उघडलं होतं. आत सगळंच कसं ढिलं, डुगडुगणारं! तेहतीस वर्षांच्या नोकरीचा अपमान वाटला त्यांना. एकेक नट त्यांनी प्रेमाने आवळला होता. आता तोंड उघडावं तर मेव्हण्यापुढे, वस्तादपुढे शोभा. न उघडावं तर चारला दोर घेऊन माणूस येतोय.

काकूंनी गाडीच्या बोनेटवरून हात फिरवला. “त्याचीच करणी. आपण काय बोलणार?”

“त्याचा काही संबंध नाही!” काका ओरडलेच. कुंपणावरचा कावळा उडाला. “मी आवळले ते. आठही.”

“किती आवळले?” वस्तादने विचारलं.

“आवाज बंद होईपर्यंत.” मग थोडं थांबून, “आणि वर अर्धा फेरा. सवयीने.”

भावाला हसू आवरेना. काकूंना हसू आलं नाही. “मग महिनाभर बोलला का नाहीत?”

“बोलणारच होतो. तू चक्कर मारून आलीस, उतरलीस, मी तोंड उघडलं, तोवर तू हात जोडून मोकळी झालीस. पस्तीस वर्षांत एकदा माझ्या हातून तुझ्या मनासारखं काम झालं, आणि नाव झालं त्याचं! त्याच्याशी कुठे भांडायला जाऊ?”

काकूंनी पदर तोंडाला लावला. रडतायत की काय म्हणून काका घाबरले. पण खांदे भलत्याच तालात हलत होते.

“हसण्यावारी नेऊ नका,” वस्ताद म्हणाला. “महिनाभर आग खाऊन व्हॉल्व्ह भाजले असतील, तर आता सैल करूनही उपयोग नाही. आधी इंजिन गार होऊ द्या.”

इंजिन गार होईपर्यंत चार वाजले. भंगारवाला दोर घेऊन आला आणि उपड्या टोपलीवर बसून, जणू आपल्याच गाडीची सेवा चाललीय अशा समाधानाने बघू लागला. वस्तादने पातळ पोलादी पट्टी एकेका टॅपेटखाली सरकवत नट सैल केले. काकांना हात खिशात घालायला लावले होते.

शेवटचा नट झाल्यावर त्याने पट्टी काकांच्या हातात दिली. “बघा. सरकते?”

“सरकते,” काका कळवळून म्हणाले. “म्हणजे सैल आहे.”

“म्हणजे बरोबर आहे.”

इंजिन पुन्हा तापवलं, पुन्हा गेज लावला. एकशे चाळीस. एकशे पंचेचाळीस. एकशे चाळीस. काकू आत बसून पुटपुटत होत्या. काका बाहेर उभे राहून तेच करत होते, फक्त त्यांना शब्द नीट येत नव्हते. चौथ्याला काटा शंभरवर अडखळला, मग एकशे पंधरावर जाऊन थांबला.

“हा थोडा भाजलाय,” वस्ताद म्हणाला. “पण ओढेल. पुढे बघू.”

भंगारवाल्याने निमूट दोर गुंडाळला. “ताई, नाही तरी माझ्याकडे जागा नव्हतीच,” तो म्हणाला. त्याच्यापाठोपाठ भाऊही काम आठवून निघाला.

काकूंनी रोपं भरली. “बसा,” त्या काकांना म्हणाल्या.

गाडी टकटकत निघाली. ती टकटक काकांच्या दाढेत बसत होती. खिशातला हात दोनदा बाहेर आला आणि दोनदा आत गेला. चढ आला. काकूंनी गिअर बदलला, पाय दाबला, आणि सव्वीस वर्षांची ती म्हातारी टक् टक् टक् टक् करत, कुणावर उपकार करतेय अशा ऐटीत वर चढली.

माथ्यावर पोचल्यावर काकांच्या लक्षात आलं की आपण अर्ध्या चढापासून श्वास आवळून धरलाय.

“सोडा आता,” काकू समोर बघत म्हणाल्या.