खुराड्याची फळी

मी एक फळी बोलतेय. वेदरली विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची कपडे बदलायची खोली आहे ना, तिथून मैदानाकडे जाणाऱ्या दाराच्या वर, भिंतीवर मी आहे. सामन्याला निघताना प्रत्येक खेळाडू उडी मारून माझ्यावर तळहात आपटतो. जुने विद्यार्थी माझ्याकडे बघून डोळे पुसतात. मला तोंड लपवायला जागा नाही.

माझा जन्म ओहायोतला. वीस वर्षं मी एका शेतावर कोंबड्यांच्या खुराड्यात होते. माझ्या पाठीवर अजून त्यांच्या नखांचे ओरखडे आहेत. खुराडं मोडलं, मी रस्त्याकडेच्या जुन्या बाजारात आले आणि तिथे मला वेदरलीचे नवे कोच क्विनलन यांनी उचललं.

वेदरलीत शिरायला डोकं लागतं, खेळाडूंनाही. संघ मात्र हरायचा. प्रेक्षकांत बसलेली मुलं मांडीवर पुस्तकं घेऊन ओरडायची, "हरलो तर हरलो, सोमवारी पेपर आहे!" नवे कोच हे ऐकून भडकले. "या संघाला ओळखच नाही," ते म्हणाले, आणि ओळख घडवायला घेतली.

माझी पुढची बाजू घासली, तापल्या सळईने अक्षरं उठवली: 'आधी डोकं, मग खांदा'. वर रोगण चढवलं. ते वाळायच्या आत संघाला माझी कहाणी सांगून झाली. एझ्रा पेनिमन, १८९७ सालचा पहिला कप्तान. सकाळी ग्रीकचा पेपर दिला, दुपारी मोडक्या खांद्याने खेळला. ही फळी त्याच्या मेजाची!

खरं सांगते, मला बरं वाटलं. कोंबड्यांनंतर माणसांचे हात लागले. मी फुगले. त्या वर्षी संघ सात सामने जिंकला आणि मीच जिंकवलं असं मला वाटू लागलं. याचीच लाज जास्त वाटते.

लाइल हॅवरकँप आघाडीच्या रांगेतला दणकट गडी, इतिहासाचा विद्यार्थी. माझ्यावर त्याचा भारी जीव. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला त्याने विषय घेतला एझ्रा पेनिमन. तीन आठवडे ग्रंथालयाच्या तळघरात बसला. सगळे कप्तान सापडले. पेनिमन नावाचा माणूस विद्यापीठात कधी आलाच नव्हता.

एका दुपारी सराव संपल्यावर त्याने स्टुलावर चढून माझे स्क्रू काढले आणि मला उलटी केली. शेजारी त्याचा दोस्त सिओने उभा होता.

"लेका, ही तर नखं! तुझा कप्तान कोंबड्यांना ग्रीक शिकवायचा काय?"

लाइल हसला नाही. तेवढ्यात कोच आत आले.

"टांग ती परत."

"कोच, एझ्रा पेनिमन कोण होता?"

"सात सामने जिंकलो ते तर खरे होते ना? यात कुणाचं काय बिघडलं?"

"आम्ही प्रत्येक पेपराखाली सही करतो, की मी फसवलेलं नाही," लाइल म्हणाला. "परगावी सामना असला की हॉटेलच्या खोलीत एकट्याने पेपर लिहितो. राखणीला कुणी नसतं. पुस्तक उशाशी असतं, तरी कुणी उघडत नाही. आपली ओळख ती होती, कोच. ती भिंतीवर टांगता येत नाही, म्हणून तुम्ही हे टांगलंत."

कोचनी मला लाइलच्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाले, "शनिवारी तुझा शेवटचा सामना. आईवडील नेब्रास्काहून येतायत. प्रबंधात हे लिहायचं असेल तर लिही. पण मग शनिवारी बाकावर बसायचं."

मला त्यांनी स्वतःच टांगलं. घाईत तिरकी, स्क्रू अर्धेच पिळून.

लाइलने गुरुवारी प्रबंध दिला. त्यात सगळं होतं.

शनिवारी एकेकजण धावत आला. सिओनेने हात उचलला, क्षणभर थांबला, मग आपटलाच. "सवय रे," तो ओशाळून मागच्या लाइलला म्हणाला. लाइल सर्वांत शेवटी आला. त्याने हात आपटला नाही. माझं एक टोक धरून मला सरळ केलं आणि बाकावर जाऊन बसला. साठ मिनिटांच्या खेळात एकदाही उठला नाही. त्याची आई प्रेक्षकांतून मैदानात त्याच्या जर्सीचा नंबर शोधत होती, असं सिओनेने नंतर सांगितलं.

संघ जिंकला. बातमीदार आले, माझे फोटो काढले, कोचनी पुन्हा पेनिमनची गोष्ट सांगितली. एकानेही विचारलं नाही की पुरावा काय. हातभर वर चढून मला उलटी करून बघायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. एवढे शिकलेले लोक!

मी भिंतीला जखडलेली आहे, मला बोलता आलं नाही, असं म्हणून मी सुटू शकत नाही. टाळी मी घेतली, बाक लाइलला मिळाला.

मला काढून फेका असं मी म्हणत नाही. चार स्क्रू आहेत, दोन मिनिटांचं काम. मला उलटी करा. ते नखांचे ओरखडे पुढे दिसू देत. त्या कोंबड्या तरी खऱ्या होत्या.